विहीर उघडी ठेवणारे पाळकसाहेब

रेव्हरंड शांतवन घोरपडे यांना मी प्रथम पाहिले ते भर उन्हात. धारूरच्या आमच्या मिशन दवाखान्यात मी परिचारिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. पाळकसाहेब आवारातल्या मोकळ्या जागेवर चुन्याची फक्की टाकीत होते. "या सिस्टर. इथे आपलं नवं उपासनामंदिर. इथे व्यासपीठ, तिकडे बायकांची बाजू," ते उत्साहाने दाखवू लागले. त्या काळी उपासना पत्र्याच्या शेडमध्ये होई आणि उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना घेरी येई. नवे मंदिर व्हावे ही देवाचीच इच्छा आहे, असे पाळकसाहेब दर नाताळाला सांगत आणि मंडळी मोठ्याने 'आमेन' म्हणे.

हे आधी लिहिले, कारण पुढे जे घडले त्यात सर्वांत जास्त कुणाचे गेले हे वाचकांना कळावे.

पाळकसाहेबांच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना मला सुचवण्यात आले, "सिस्टर, गोड लिहा. त्या विहिरीचा विषय नको." सुचवणारे विहिरीच्या त्या प्रकरणाच्या वेळी मंडळीचे पंच होते. म्हणून मी विहिरीविषयीच लिहिते आहे. छापायचे नसेल तर लेख परत करावा.

दुष्काळाचे ते वर्ष होते. गावातले आड आटले होते. मिशनच्या विहिरीला मात्र पाणी होते, आणि त्यावर सगळी वस्ती आणि डोंगरातले धनगर जगत होते. तालुक्याच्या दूध संघालाही पाणी हवे होते. संघाचे चेअरमन जीप घेऊन आले आणि पंचांबरोबर चहा पिऊन गेले. बेत असा ठरला की विहिरीला कुंपण घालून ती संघाला द्यायची आणि संघाने आम्हाला उपासनामंदिर बांधून द्यायचे. "देवानंच दार उघडलं!" असे पंच घरोघर सांगत सुटले. दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना आपण 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असे मागतो. मागून झाले की आपला बेत त्याच्यापुढे ठेवून म्हणतो, ही घे, हीच तुझी इच्छा! मला तेव्हा संताप आला होता. आजही येतो.

पाळकसाहेबांची सही तेवढी राहिली होती. त्यांनी सवड मागितली. रोज सकाळी ते विहिरीच्या कठड्याशी जाऊन बसत. मी दवाखान्याचे पाणी भरायला तिथेच असे. एके दिवशी सखाराम नावाचे एक वयस्क धनगर मेंढरे थांबवून त्यांच्यापुढे उभे राहिले.

"सायेब, ही हीर बंद व्हनार म्हणत्यात. खरं हाय का?"

"अजून ठरलं नाही."

"कावून बंद करता? आमी मेंढरं कुटं न्यायची? तुमचा द्येव काय म्हणतोय?"

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी पोहरा उचलला आणि मेंढरांच्या डोणीत पाणी ओतू लागले.

त्या रविवारी ते संदेश द्यायला उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. ते म्हणाले, "मंडळी, उपासनामंदिर ही माझी इच्छा होती. इतकी वर्षं मी तिला देवाची इच्छा म्हणत आलो. त्याला विचारलं कधीच नव्हतं. मला क्षमा करा. मी सही करणार नाही."

मोठे पंच ताडकन उठले. "साहेब, तुमी देवाचं काम अडवताय!"

"मेंढरं कुठं पाणी पितील तेवढं सांगा. लगेच सही करतो."

उत्तराऐवजी मिशनच्या वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या, आणि ऐन उन्हाळ्यात त्यांची बदली गेवराई तालुक्यात, उमापूरच्या बाजूला झाली. तिथे राहायला घरसुद्धा नव्हते. माझी आई लकव्याने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा पाळकीणबाई रोज दुपारी येऊन तिला भरवीत. निघायच्या दिवशीही त्या आईला भरवूनच टेंपोत बसल्या. निरोपाला धनगरांची घरे आली होती. पंचांपैकी एकही नव्हता.

माझा तोल सुटला. "साहेब, हे तुम्हाला हाकलून देतायत! तुम्ही काहीच बोलणार नाही?"

"बोललो की रविवारी."

"तेवढ्यानं काय झालं?"

त्यांचे डोळे भरून आले होते. "सिस्टर, मला धारूरलाच मरेपर्यंत राहायचं होतं. तोही माझाच बेत होता ना," असे म्हणून ते टेंपोत चढले. खरे सांगते, त्या क्षणी मला त्यांचाही राग आला होता.

नवे पाळक येऊन सही करण्याआधीच पाऊस पडला. तोवर विहिरीने कसाबसा तग धरला होता. पाऊस पडताच चेअरमनना आमच्या विहिरीची आठवण राहिली नाही आणि उपासनामंदिराचीही नाही. आज तेच पंच पाळकसाहेबांच्या 'दूरदृष्टी'वर भाषणे करतात. कसली दूरदृष्टी? पाऊस कधी येईल, पाणी पुरेल की नाही, यातले काहीही पाळकसाहेबांना ठाऊक नव्हते. समोर तहानलेले उभे आहेत एवढेच त्यांना दिसत होते, आणि तेवढ्यावर त्यांनी आयुष्याचे स्वप्न सोडून दिले. उमापूरकडे पुढची सगळी सेवा त्यांनी लोकांच्या ओसरीवर उपासना घेऊन केली. तिथल्या माणसांनी त्यांना कधी कुरकुरताना ऐकले नाही. कुरकुर मीच करीत आले.

पाळकसाहेब आता पंचाहत्तरीत आहेत. गुडघे साथ देत नाहीत, तरी कुणाच्या आजारपणाचे कळले की काठी टेकीत पोहोचतात. आपण त्यांना शाल घालणार आहोत, जरूर घालावी. माझे मागणे मात्र प्रभूपाशी आहे. त्याने पाळकसाहेबांना आणि पाळकीणबाईंना उदंड, निरोगी आयुष्य द्यावे. आणि आम्ही पुन्हा त्याच्या नावाने आपलेच घोडे पुढे दामटू लागलो, तर उभे राहून 'नाही' म्हणायला पाळकसाहेबांच्या आवाजात बळ ठेवावे.