पाठकोरा कागद

आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला ब्रेकमास्तरांनी शिकवलं. त्यांचं खरं नाव ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली आणखी एक ब्रेक होता. शिकणारा गडबडला की ते शांतपणे म्हणत, "घाबरू नका, ब्रेक माझ्याकडे आहे." त्यावरून हे नाव पडलं. बायको रागावली की तीही त्यांना त्याच नावाने हाक मारी.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. ह्यांचं दुखणं लांबलं होतं, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागे, आणि गाडी दारात असून चालवणारं कुणी नव्हतं. मास्तरांनी पहिल्या दिवशी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि विचारलं, सासूबाई आहेत का? मला कळेना की गाडीचा आणि सासूबाईंचा काय संबंध. आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, "मग सोपं आहे. क्लच असा सोडायचा, जशा तुम्ही झोपलेल्या सासूबाईंच्या खोलीतून बाहेर पडता."

एकोणीस दिवसांत मी गाडी चालवू लागले. आरसा, मान, मग पाय. आधी आरशात बघायचं, मग मान वळवून बघायचं, आणि मगच पाय हलवायचा. आजही माझ्या तोंडून ते आपोआप निघतं. पुढची तीन वर्षं मी ह्यांना नेलं-आणलं. शेवटच्या वर्षी हे मागच्या सीटवर आडवे असायचे आणि एखादा खड्डा मी अलगद काढला की म्हणायचे, मास्तरांना माझा नमस्कार सांग.

मास्तरांचा शेवटचा धडा गाडी चालवण्याचा नव्हताच. सगळं शिकून झालं की ते गाडी कडेला लावायला सांगत, डॅशबोर्डमधून एक लहान पॅड काढत, पेन हातात देत आणि म्हणत, समजा तुम्ही एका उभ्या गाडीला ठोकलंत. मालक जागेवर नाही. लिहा चिठ्ठी. मी कोण, राहते कुठे, फोन काय, काय मोडलं, आणि शेवटी दोनच शब्द, चूक माझी. मी माझी चिठ्ठी लिहिली. त्यांनी वाचली आणि शांतपणे फाडली. मी लिहिलं होतं, चूक माझी, पण तुमची गाडी वळणाच्या फार जवळ होती.

"बाई, 'पण' आला की ती चिठ्ठी राहत नाही, वकिलाची नोटीस होते," ते म्हणाले. "पुन्हा लिहा."

तीन वेळा लिहिली तेव्हा पास झाले. अशा पास झालेल्या चिठ्ठ्या ते एका बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवत. हा धडा कुठून आला ते त्यांनी एकदा ह्यांना सांगितलं होतं. विशीत असताना ते टेम्पो चालवत. मागे घेताना एका उभ्या स्कूटरला धक्का लागला, स्कूटर आडवी झाली, आणि ते घाबरून पळाले. दुसऱ्या दिवशी परत गेले तर स्कूटर नव्हती. आठवडाभर रोज जाऊन उभे राहिले, मालक काही सापडला नाही. "एक चिठ्ठी माझ्याकडून लिहायची राहिली आहे," ते ह्यांना म्हणाले होते. "ती मी दुसऱ्यांकडून लिहून घेतो."

हे मी एवढं सांगते, कारण पुढे जे झालं ते याच माणसाच्या बाबतीत आणि माझ्या हातून झालं.

ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. गाडी मी ठेवली होती, फाटकाबाहेर भिंतीलगत उभी असे. दर गुरुवारी दहा ते बारा मी चालत वाचनालयात जाते. त्या गुरुवारी परत आले तर गाडीचा मागचा डावा कोपरा आत गेलेला, दिव्याच्या लाल काचा रस्त्यावर, बंपर एका बाजूने लोंबत होता. समोरच्या शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, मशीन चालू होतं, ठोकल्याचा आवाज आला नाही. मान वर केली तेव्हा एल लावलेली पांढरी गाडी वळणावरून जाताना दिसली. अशी गाडी आमच्या भागात एकच होती.

मी काचा गोळा केल्या. वायपरखाली एक कागद होता, शिकवणी वर्गाची जाहिरात, असल्या आठवड्याला दोन-तीन तरी येतात. तो काढला, घडी सरळ केली आणि घरात नेला. संध्याकाळी रोजच्याप्रमाणे वहीत लिहिलं: "बारा वाजून पाच. गाडीला मागून डावीकडे ठोकर. काचेवर शिकवणी वर्गाची एक जाहिरात. चिठ्ठी वगैरे काही नाही."

शुक्रवारी मी वाट पाहिली. शनिवारी राहवेना, म्हणून त्यांच्या घरी गेले. मास्तर दारातच खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून उठले आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, बाई, मी उद्या येणारच होतो. मांजर आडवं आलं, मी स्टिअरिंग वळवलं, आणि तुमची गाडी मला दिसेपर्यंत उशीर झाला. बेल वाजवली, तुम्ही नव्हता. अकराला एका शिष्याची परीक्षा होती, थांबता येईना. मी चिठ्ठी ठेवली, फोनची वाट पाहत होतो.

मी म्हटलं, चिठ्ठी नव्हती.

ते हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. "वायपरखाली. नीट दाबून ठेवली होती."

"मास्तर, मी बघितलं. तिथे जाहिरातीशिवाय काही नव्हतं. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून बाहेर आल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. मास्तर एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले. मला त्या क्षणी राग आला होता तो ठोकरीचा नव्हे. ज्याने माझ्या चिठ्ठ्या फाडल्या, त्यानेच पळून जावं आणि वर चिठ्ठी ठेवली म्हणावं, याचा होता. चहा न घेता निघाले.

विम्याच्या माणसाने पोलिसांत नोंद मागितली, म्हणून सोमवारी चौकीत गेले. नोंद करायची तर गाडी कुणाची, हे सांगावं लागणार होतं. मी सांगितलं. फौजदार त्यांचाच शिष्य होता, तो बिचारा अवघडून गेला. त्याने मास्तरांना बोलावून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, चिठ्ठी कसल्या कागदावर लिहिली? मास्तर म्हणाले, पॅडवर, नेहमीच्याच. त्याने गाडीतून पॅड आणवलं. ते नवंकोरं होतं, प्लास्टिकचं वेष्टणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

मास्तरांनी ते पॅड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि टेबलावर ठेवलं. मग मी माझी वही उघडून त्या दिवसाच्या ओळी वाचून दाखवल्या. मी दवाखान्यात तीस वर्षं नोंदणीच्या टेबलावर काढली आहेत, मला माझ्या नोंदीचा अभिमान होता. कुणाला तारीख आठवली नाही की गल्लीतले लोक माझ्याकडे येतात. मास्तरसुद्धा एकदा आले होते, त्यांच्या आईच्या ऑपरेशनची तारीख विचारायला.

फौजदार म्हणाला, "मास्तर, काय करू या?"

"बाईंच्या वहीत नाही ना," ते म्हणाले, "मग नसेल."

एवढंच. चूक कबूल म्हणून त्यांनी सही केली. त्यांना समज देऊन सोडलं. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. पूर्वी ते असा धरत नसत, हे माझ्या लक्षात आलं आणि तेही मी वहीत लिहिलं.

गोष्ट चौकीतून बाहेर कशी गेली माहीत नाही, मी तर कुणाला सांगितली नाही. शिंप्याकडे शर्ट शिवायला टाकणारी माणसं थट्टा करू लागली, म्हणे मास्तरांचा नवा धडा आलाय, ठोका आणि पळा. माझ्या नणंदेच्या सुनेने त्यांच्याकडे शिकायला नाव घातलं होतं, तिने काढून घेतलं. दोन महिन्यांनी पाटी उतरली. कुणी बंद करायला लावलं नव्हतं, त्यांनी स्वतः स्टुलावर चढून स्क्रू काढले. नंतर ते रस्त्यात दिसले की नमस्कार करत, आणि मी मान हलवून पुढे जाई. आरसा आणि मान दोन्ही होती, पाय तेवढा थांबला नाही.

पाचव्या महिन्यात ते गेले. झोपेतच. त्या दिवसाची माझी नोंद अशी आहे: "ब्रेकमास्तर गेल्याचं सकाळी कळलं. गुडघा दुखतो म्हणून गेले नाही." गुडघा दुखत नव्हता. वहीत जाणूनबुजून लिहिलेलं खोटं आयुष्यात तेवढं एकच.

आता कागदाचं सांगते. आमच्या घरात पाठकोरा कागद टाकत नाहीत. एका बाजूने छापलेला, मागून कोरा असा कोणताही कागद आला की तो स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरच्या चापात जातो आणि वाणसामानाच्या याद्या त्याच्या पाठीवर होतात. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी रांगेची शिस्त लावली होती, जो आधी आला त्याचा नंबर आधी. म्हणून नवा कागद मी चापात सगळ्यात मागे लावते आणि वापरायला पुढचा काढते. दुसरी कुणी बाई असती तर तिने नवा कागद वरच अडकवला असता आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच साखर-पोहे लिहायला उलटा केला असता.

माझ्या चापात सात महिन्यांचे कागद होते.

मास्तर गेल्यावर दोन महिन्यांनी एका सकाळी यादी करायला बसले, पुढचा कागद काढला. शिकवणी वर्गाची जाहिरात. उलटा केला. पाठ कोरी नव्हती.

"बाई, मी ब्रेकमास्तर. घर तुम्हाला माहीत आहे, तरी नियम म्हणून लिहितो." खाली पत्ता, फोन. "तुमच्या गाडीचा मागचा डावा दिवा फुटला, बंपर सुटला, पत्रा आत गेला. बेल वाजवली, तुम्ही नव्हता. चूक माझी."

अक्षर थोडं कापरं होतं, बहुधा गाडीच्याच टपावर कागद ठेवून लिहिलं असावं. पॅडचं वेष्टण फोडत बसायला वेळ नसेल, किंवा घाईत पॅड आठवलंच नसेल. माझ्याच काचेवरची जाहिरात त्यांनी ओढली असेल, मागे लिहिलं असेल आणि छापलेली बाजू वर ठेवून वायपर टेकवला असेल. पुढे सवयीने त्यांना पॅडच आठवलं. हे सगळं मी आता जुळवते. कागदावर कुठेही 'पण' नव्हता.

मी वही उघडून त्या गुरुवारचं पान काढलं. "काचेवर शिकवणी वर्गाची एक जाहिरात." चिठ्ठीची नोंद मी स्वतःच केली होती आणि पुढच्याच ओळीत ती नाही म्हणून लिहिलं होतं.

वहिनींकडे जायचं तर हातात काय घेऊन, म्हणून लिहायला बसले. मी कोण, काय मोडलं, चूक माझी. पहिल्या कागदावर पुढे लिहिलं, 'पण छापील बाजू वर होती.' फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, 'पण पॅड बंद होतं, त्यांनाही आठवलं नाही.' फाडला. दुपारपर्यंत चौदा कागद झाले. शेवटी काहीच न लिहिता ती जाहिरातच घेऊन गेले.

वहिनींनी मला बसायला सांगितलं. बिस्किटांचा डबा कपाटावर होता, ओळखीचा. मी कागद त्यांच्या पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, उलटून जाहिरात वाचली, पुन्हा उलटून पहिल्यापासून वाचला. रडल्या नाहीत. मी म्हटलं, वहिनी, चूक माझी. पुढे काहीतरी बोलणार होते, ते ओठावर आलं आणि मी गप्प बसले.

वहिनींनी चष्मा काढला.

"मी त्यांना म्हणत होते, तुम्ही लिहिली असणार, तुम्ही लिहिल्याशिवाय राहणार नाही. तर माझ्यावरच चिडायचे. म्हणायचे, बाई खोटं लिहीत नाहीत. मीच पळालो असेन आणि मला चिठ्ठी लिहिल्यासारखं वाटलं असेल. आधी एकदा पळालोय ना मी." त्यांनी कागदाची घडी घातली, जुन्या घडीवरच. "शेवटी शेवटी रोज विचारायचे, त्या स्कूटरचा माणूस आला होता का."

मी विचारलं, हा कागद फौजदाराला दाखवू का, शिंप्याला दाखवू का, सगळ्यांना सांगू का. त्या म्हणाल्या, सांगा तुम्हाला सांगायचं तर. कागद मात्र त्यांनी परत दिला नाही. कपाटावरचा डबा काढला, झाकण उघडलं. वरच्या वर माझी चिठ्ठी असेल असं मला उगाच वाटलं. कुणाकुणाच्या होत्या, अक्षरंच अक्षरं. त्यांनी तो कागद सगळ्यांच्या खाली सरकवला आणि झाकण लावलं.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी नको म्हटलं होतं. आज घेतला.

शिंप्याला सांगितलं, फौजदाराला सांगितलं. फौजदाराने जुनं रजिस्टर काढून नोंदीपुढे दुरुस्ती लिहिली आणि खाली माझी सही घेतली. माझ्या वहीत मी त्या गुरुवारच्या पानावर खाडाखोड केली नाही. तिथल्या ओळी आहेत तशाच आहेत. गाडी अजून भिंतीलगत उभी असते. मागच्या कोपऱ्याचा रंग बाकीच्या गाडीशी जुळत नाही, उन्हात तर लगेच कळतं.