साहेबांच्या बोन्सायला धुरी

बहरीनमध्ये राहून झाडाला थंडी वाजू नये म्हणून धडपडलेला माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि दुर्दैवाने रोज सकाळी मला त्याचीच दाढी करावी लागते.

गोष्ट ब्याण्णव-त्र्याण्णवच्या हिवाळ्यातली. मी मनाम्यात एका ऑफिसात ड्राफ्ट्समन. आमचे इंग्रज साहेब नाताळाला महिनाभर मायदेशी निघाले आणि जाताना त्यांनी आपलं लाडकं बोन्साय माझ्या हवाली केलं. झाड वीतभर, वय माझ्यापेक्षा जास्त! म्हणाले, "बाल्कनीतच ठेव. गार हवा लागू दे." मी म्हणालो, "येस सर." (एप्रिलमध्ये महाडला धाकट्या भावाचं लग्न होतं आणि माझा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर सहीविना पडला होता. झाडाला अंगाई म्हणायला सांगितली असती, तरी मी येस सरच म्हणालो असतो!)

मनाम्यातल्याच गुदैबिया भागातल्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा बायको सुनंदा, दीड महिन्याचं बाळ आणि बाळंतपणासाठी महाडहून आलेल्या सासूबाई. आठवडाभरात झाडाची सगळी पानं पिवळी पडून गळाली. उरल्या नुसत्या काड्या!

"गारठलंय ते," सासूबाईंनी निदान केलं.

"आई, साहेबांनीच बाहेर ठेवायला सांगितलंय."

"साहेबांचं काय जातंय सांगायला? त्यांची पोरं बर्फात उघडी फिरतात! तुम्हाला रजा पाहिजे ना, जावईबापू? मग आणा आत."

बाहेर पंधरा अंश होते. मी स्वतः कानटोपी घालून टीव्ही बघत होतो, मी काय वाद घालणार?

झाड आत आलं. मी त्याला बाळाच्या दुपट्यात गुंडाळलं.

"अहो, बाळाचं दुपटं?" सुनंदा ओरडली.

"दुपटी सतरा आहेत, रजा एकच आहे!"

दुसऱ्या दिवशी बाब अल बहरीनच्या बाजारातून हीटर आणला. तरी काड्या त्या काड्याच! मग सासूबाईंनी ठेवणीतला उपाय काढला. शेगडीत निखारे घातले, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या. आधी बाळाला धुरी, मग त्याच शेगडीवर साहेबांचं झाड! मी कुंडी दोन्ही हातांत धरून उभा, डोळ्यांतून धारा, आणि सासूबाई म्हणतायत, "जरा पाठीकडून फिरवा." (झाडाची पाठ कुठली? मी फिरवलं!)

धूर जिन्यात गेला. शेजारचे रत्नागिरीचे हमीदभाई बादली घेऊन धावत आले आणि "आग! आग!" करत सगळं पाणी माझ्या अंगावर ओतलं.

"अहो, आग नाही, झाडाला धुरी देतोय!"

हमीदभाईंनी माझ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. "डॉक्टरला दाखव," म्हणाले. (झाडाला की मला, ते त्यांनी सांगितलं नाही!)

पण दहाव्या दिवशी काय चमत्कार! काडीकाडीला कोवळी, पोपटी पालवी! सुनंदा टाळ्या पिटायला लागली. सासूबाईंनी खोडाला काजळाची तीट लावली. हमीदभाई हलवा घेऊन आले. मी तर आनंदाने विमानाच्या तिकिटांची चौकशीही करून आलो.

साहेब परतले. मी झाड थेट त्यांच्या टेबलावर ठेवलं, अर्जाच्या शेजारी. पेनही उघडून दिलं.

साहेब पांढरेफटक पडले. "हे झोपलं होतं! हिवाळाभर पानं गाळून हे झोपतं! थंडी म्हणजे त्याची झोप! कोणी उठवलं याला?"

मला दरदरून घाम फुटला. "सर, आम्ही... शेक दिला."

"आता ही कोवळी पालवी जगवायची कोणी? रोज ऊब, रोज पाणी, मे उजाडेपर्यंत! असा माणूस या ऑफिसात दुसरा नाही! तूच सांभाळायचं." आणि अर्जावर लाल पेनाने काट मारली.

एप्रिलमध्ये बायको, बाळ आणि सासूबाई लग्नाला गेल्या. मी कुंडीपाशी. भावाचा फोन आला, "दादा, सगळे आले, तूच का नाही?"

खोटं बोलायची सवय नाही मला. म्हणालो, "अरे, साहेब म्हणाले, माझ्यासारखा माणूस ऑफिसात दुसरा नाही!"

पठ्ठ्याने ते भर मांडवात माइकवरून सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणे!