गुणाचं पोरगं

कोर्टाने घरी सोडलेली मुले सुधारली का, हे पाहायला प्रोबेशनचे साहेब शिरूर-दौंड भागात सायकलवर फिरत. बातमीच्या निमित्ताने मीही कधी सोबत जाई. घरच्यांनी मुलाची स्तुती सुरू केली की साहेब कान खाजवत.

दौंडला वॅगनमधला कोळसा चोरणाऱ्या एका मुलाला घरी ठेवायचे की पुण्याच्या रिमांड होममध्ये परत पाठवायचे, हे त्या दिवशी त्यांना ठरवायचे होते.

"लई गुणाचं हाय, साहेब," आई हात जोडून म्हणाली.

साहेब कान खाजवत राहिले. "जेवतो का नीट?"

"जेवतो कुठं, हादडतो! आन् पानी आन म्हटलं की तंगड्या पसरून निजतो मेला!"

साहेबांनी समाधानाने टोपी घातली.

"मावशी, तुम्ही त्याला शिव्या द्यायला लागलात, म्हणजे पोरगं घरी रुळलं. राहू द्या इथंच."