बोटांवर फोडलेले शब्द

आत्या लांबलचक इंग्रजी शब्द कधी अख्खा वाचत नसे. आधी तो बोटांवर फोडायची. टेबलावर, पोळपाटावर, माझ्या पाठीवर, हात असेल तिथे एकेका तुकड्याला एकेक बोट टेकायचं. रेस-पॉन-सि-बि-लि-टी. मदन महल मोहल्ल्यातल्या आमच्या घरात मी इंग्रजी वाचायला अशीच शिकले. "काहून घाबरून राहिली? अख्खी पोळी एकदम तोंडात कोंबते का तू?"

ती मॅट्रिकपर्यंतच शिकलेली. तिला इंग्रजी बोलताना कुणी ऐकलं नाही. पण शब्द फोडायच्या दोन रीती तिने बसवल्या होत्या. "वाचायचा असला तर श्वासानं तोड, समजायचा असला तर सांध्यावर. पुढं 'अन' नाहीतर 'इन' दिसलं, की बहुतेकदा तो 'नाही' म्हणून राहिला. मागं 'एबल' असलं, की होण्यासारखं. मग मधात कोण बसलं ते पाहायचं."

कमानिया गेटच्या बाजारात गेली की पाट्यांसमोर उभी राहायची. दुकानदार विचारायचा, "दीदी, लेना क्या है?" "कुछ नहीं भैया, पढ़ रहे हैं." माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, वैतागायचे. "चल नं बाई! दुकान पाठ करून राहिली का?"

गेल्या वर्षी पोटाच्या दुखण्याने ती इस्पितळात पडली. तपासण्या झाल्यावर बाबांनी डॉक्टरांना दाराबाहेर गाठून हात जोडले. "डॉक्टर साहब, उसके सामने हिंदी में मत बोलिएगा. अंग्रेज़ी वो समझेगी नहीं." आमच्याकडे मोठं दुखणं असंच लपवतात, मायेपोटी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिच्या खाटेशी उभे राहून शिकाऊ डॉक्टरांशी भराभर इंग्रजीत बोलले. त्यात 'इनऑपरेबल' आला. चादरीवर आत्याची बोटं हलताना मी पाहिली. आधी श्वासानं. मग जरा थांबून, सावकाश, सांध्यांवर. मग तिने मूठ मिटून घेतली.

ते गेल्यावर तिने विचारलं, "काय म्हणत होते, दादा?"

"काही नाही. सूज आहे. औषधानं उतरते."

तिने चादर सारखी केली. "अच्छा. मग चलो, बरं झालं. तू जेवला का?"

पुढचे थोडे दिवस बाबा तिला धीर देत राहिले आणि ती बाबांना. बहीणभावांचं शेवटचं बोलणं राहूनच गेलं.

आता कुणी भेटायला आलं की बाबा सांगतात, "एक बरं झालं, तिला शेवटपर्यंत काही समजलं नाही."

मी मान डोलावते.