बर्फावरच्या बुटांची धार

माझी धाकटी बहीण परदेशातल्या एका आइस हॉकी संघात बचावपटू आहे, आणि त्याचा तिला पगार मिळतो. आमच्या घुग्घुसच्या चहाटपरीवर हे मी कितीदा सांगितलं असेल, पण पहिल्या झटक्यात कोणी मान्य केलेलं नाही. "बर्फावर? आन् त्याचा पगार काऊन देते मंग?" असंच विचारतात. त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा, नाही तर मासळीच्या पेटीतला.

हा खेळ ती शिकली चाकांच्या बुटांवर, खाण-वसाहतीतल्या सिमेंटच्या मैदानात. बाकी पोरी गोल मारायला धावायच्या, ही गोलासमोर उभी राहून येईल त्याला अडवायची. घरीसुद्धा तसंच, तिच्या ताटातला पापड कोणी उचलून दाखवावा! पुढे नागपूरच्या एका स्केटिंग प्रशिक्षकांनी तिला एका हिवाळ्यात लडाखला नेलं आणि येताना कोणाचे तरी जुने बर्फावरचे बूट दिले. तळाला चाकांऐवजी लांब पोलादी पातं, आणि पात्याच्या खालच्या कडेत मधोमध एक बारीक नाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. झिजलेलं लोखंड मला लांबूनच ओळखू येतं, असा माझा तोरा. ती नाली मला झीजच वाटली.

पुढच्या हिवाळ्यात तिची लडाखमधल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली. तिथूनच देशाच्या संघाच्या शिबिरासाठी मुली निवडणार होते. सोबत मी जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी तिला न सांगता मी बूट वर्कशॉपमध्ये नेले, ग्राइंडरवर धरून ती नाली पार घालवली आणि विळ्याला काढावी तशी धार काढली. कागद टेकवला की कापला जायचा. सोबतचे "वा भाऊ!" म्हणाले आणि मी फुगलो. पात्यांवर रबरी कव्हरं चढवून बूट गुपचूप पिशवीत ठेवून दिले.

लडाखच्या विरळ हवेची सवय व्हावी म्हणून पहिले दोन दिवस सगळ्यांना नुसती विश्रांती होती. त्यामुळे ती बर्फावर उतरली ती थेट सामन्याच्या सकाळी. गोठलेल्या तळ्यावर माणसं सुसाट पळताहेत, हे मी आ वासून पाहत होतो. तेवढ्यात ती सरळ जाऊन कडेच्या फळीवर आदळली. उठली, पुन्हा गेली, पुन्हा आदळली. मग बूट काढून तिने पातं निरखलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"दादा, हे कोनं घासलं?"

"मी. चांगली धार लावली ना."

"अरे, त्या नालीच्या दोन कडाच तं बर्फाले पकडते. आता मले थांबताच नाई येऊन राह्यलं!"

 तिच्या मापाचे दुसरे बूट कोणाकडे नव्हते, धार लावायचं यंत्र लांब लेहमध्ये, आणि सामना अर्ध्या तासावर. माझ्या शहाणपणाने तिची संधी मातीत घातली होती. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू तिथं बस. आन् रडू नको."

मग तिने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिने कोणाच्या मागे धावणंच सोडून दिलं. गुडघे वाकवून गोलासमोर थोडीथोडी सरकत राहिली. समोरची खेळाडू वेगात कुठूनही येवो, ही तिच्या वाटेत आधीच हजर. वळता येत नव्हतं, म्हणून वळायची वेळच ती येऊ देत नव्हती. शेवटी चेंडूऐवजी खेळतात ती रबरी चकती गोलाकडे सणसणत आली, तेव्हा ती आडवी पडली आणि चकती पोटावर घेतली.  ही आपल्याच घरात वाढलेली पोर आहे, हे मला खरं वाटेना.

सामना आम्ही एका गोलाने हरलो. निवड समितीच्या बाई तिच्याजवळ आल्या, खेळाबद्दल चांगलं बोलल्या, आणि बोलता बोलता त्यांची नजर पात्यावर गेली.

"याचं वाटोळं कोणी केलं?"

"माझ्याच हातानं झालं, मॅडम," बहीण म्हणाली.

बाईंचा चेहरा बदलला. "स्वतःचे बूट सांभाळता येत नाहीत, तिला शिबिरात नेऊन मी काय करू?" त्यांनी हातातली वही मिटली.

बहिणीने डोळ्यांनी मला गप्प बसायला सांगितलं. मी पुढे झालोच. "मॅडम, मी केलं. मी फिटर आहे. तिला आज सकाळी बर्फावर उतरल्यावरच कळलं."

बाई पात्याकडे बघत राहिल्या. मग तिच्याकडे. "म्हणजे अख्खा सामना तू या बुटांवर खेळलीस?"

ती बुटांच्या नाड्या सोडू लागली. बाईंनी वही उघडली आणि उभ्याउभ्याच तिचं नाव लिहिलं.

त्या गेल्यावर ती माझ्यावर उखडली. "काऊन सांगितलं तू? आता साऱ्या देशाले कळन का माहा भाऊ येडा आहे!" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले, आणि माझा हात तिने इतका घट्ट धरला की तो मला सोडवता येईना.