पोर कधी येणार

काल्हेरहून नारपोलीला येताना शेअर रिक्षात एकदा पन्नाशीची एक बाई भेटली. शेजारी बसलेल्या म्हातारीच्या कपाळावरचे केस ती सारखी मागे सारत होती.

"माजी पोर कदी येल गो?" म्हातारीनं तिला विचारलं.

"येल हां, मावशी."

मी विचारलं, "मावशी का तुमच्या?"

"आईच हाय," ती हळूच म्हणाली. "पन मी आई म्हटलं का घाबरते. तिची पोर अजून लहान हाय ना."

पुन्हा म्हातारीचे केस मागे सारत ती म्हणाली, "रोज येल येल सांगते. आता मलाच कलत न्हाय, मी खोटं बोलते, का मीपन तिची वाट बगते."

नारपोलीला उतरताना म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला. "तुज्या आईला सांग, पोर गुनाची हाय."

"सांगते, मावशी."