फ्लेक्सवरचं ‘सरप्रायझिंगली’

आमच्या घरात पहिली पदवी मी आणली. हे मी कुणालाही सांगतो, लाजत नाही. त्यामुळं भद्रावतीजवळच्या आमच्या वस्तीत इंग्रजीत काही लिहायचं झालं की पोरं माझ्याकडे येतात.

यंदा धाकटी बहीण बीएस्सी झाली, फर्स्ट क्लासमध्ये. पोरांनी विहाराजवळच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचं ठरवलं आणि मजकूर मला मोबाइलवर दाखवायला आणला. वर तिचा फोटो, खाली इंग्रजी-मराठी मिसळून, ‘सरप्रायझिंगली, आमची ताई फर्स्ट क्लास!’

“हा पयला शब्द काऊन टाकला रे?”

“वजनदार वाटते न, भाऊ. नुसतं फर्स्ट क्लास तं कोनीबी टाकते.”

शब्द वाईट नाही. उन्हाळ्यात दिवसभर लाइट गेली नाही, तर तिथं तो शोभतो. जे होईल असं वाटलंच नव्हतं, ते झालं की लावायचा. पण माझी त्याची ओळख जुनी. चंद्रपूरला कॉलेजात माझं भाषण ऐकून एक पाहुणे म्हणाले होते, “सरप्रायझिंगली गुड इंग्लिश!” टाळ्या पडल्या, मीही हसलो. घरी येताना बसमध्ये मात्र विचार आला, यांनी माझ्याकडून अपेक्षा तरी काय धरली होती?

मी पोरांना अर्थ सांगत होतो, तोवर बहिणीनं मोबाइल ओढून घेतला. वाचलं आणि तिचा चेहराच उतरला.

“म्हंजे मी नापास होईन असं वाटलं होतं का तुमाले?”

“नाई वो ताई! तसं नाई!”

बाबा माजरीच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले. ते खाटेवरून म्हणाले, “नवल कायचं त्यात? मी फर्स्ट शिफ्टले निघालो का पोरगी पुस्तक घेऊन बसलेलीच राहे. मले तं काई नवल नाई वाटलं.”

बहीण त्यांच्याकडे बघतच राहिली. बाबांनी असं तोंडावर कौतुक कधी केलं नव्हतं.

“मंग त्या जागी काय टाकू, भाऊ?” एका पोरानं मला विचारलं.

उत्तर तिनंच दिलं. “काई नको टाकू. माह्यं नाव अन् फर्स्ट क्लास. जागा उरली तं नाव मोठं कर.”

फ्लेक्स संध्याकाळीच चौकात लागला. नाव एवढं मोठं, की रस्त्यावरूनच वाचता येत होतं. बाबा चप्पल घालून आमच्या आधीच तिथं उभे होते.

“फ्लेक्सवाल्यानं आजच देल्ला?” मी विचारलं. एरवी तो ‘उद्या या’शिवाय बोलत नाही.

“सरप्रायझिंगली!” बहीण म्हणाली, आणि सगळ्यात आधी तीच हसली.